नायट्रो किती, ते मामांना विचारा

नांदेडची हवा आणि लातूरची हवा यांतला फरक डोळे मिटून सांगेल असा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मी नांदेडचा. सोयरीक जुळवायला ही मंडळी लातूरहून आमच्याकडे आली, तेव्हा माझी नोकरी, घर, शेती यांची चौकशी बाकीच्यांनी केली. मामा गाडीतून उतरले ते थेट आमच्या गच्चीवर गेले. तिथे दोन-चार लांब श्वास घेऊन खाली आले आणि म्हणाले, "हवा जड हाय तुमच्याकडं. लातूरचं मिश्रण हितं चालायचं न्हाई." माझ्या वडिलांना वाटलं, स्थळ मोडलं.

मिश्रण म्हणजे विमानाच्या इंधनाचं. मामा हलक्या लाकडाची छोटी विमानं बनवतात आणि दूरनियंत्रकावर उडवतात. विमान खेळण्यातलं असलं तरी त्याचं लिंबाएवढं इंजिन अगदी खरं असतं. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, एरंडेल आणि नायट्रोमिथेन असं तिघांना एकत्र नांदवावं लागतं. मिथेनॉल जळतं, एरंडेल आतले भाग झिजू देत नाही आणि नायट्रोनं जोर येतो. नायट्रो कमी पडलं तर इंजिन आळसावतं, फार झालं तर आतून भाजून निघतं. बाकीचे लोक डब्यावर छापलेलं वाचून तयार इंधन आणतात. मामा आधी हवा बघतात, इंजिनाचं वय विचारतात आणि मग टक्केवारी सांगतात. ती आजवर चुकलेली मी पाहिलेली नाही.

लातूरसारख्या गावात रसायनशास्त्र शिकवून एकही शिकवणी न घेतलेला हा बहुधा एकमेव शिक्षक असेल. कॉलेज सुटलं की हे गच्चीवर, मोजपात्र घेऊन. एरंडेल औषधाच्या दुकानातून आणायचे, तेही लिटरनं. चार-पाच वेळा झाल्यावर दुकानदारानं अतिशय अदबीनं एकदा डॉक्टरांना दाखवून या असं सुचवलं. मामांनी शांतपणे सांगितलं, मला नाही, इंजिनाला लागतं. त्यावर दुकानदार जास्तच काळजीत पडला.

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडायला बंदी. मामींच्या लोणच्याच्या बरणीलाही हेच नियम होते. फक्त मामांच्या डब्याचं फडकं जास्त स्वच्छ असतं, ही मामींची जुनी तक्रार. एरंडेलाचा धूर पातळांना, उशांना, एकदा तर पुरणालाही लागला म्हणत. तरी दर रविवारी मामांबरोबर अहमदपूर रस्त्यावरच्या, विमानं उडवायच्या मोकळ्या रानात जायच्या आणि विमानांकडे पाठ करून मेथी निवडत बसायच्या.

मामांचं खरं वैभव म्हणजे कान. या इंजिनाला एक बारीक सुई असते. ती खटक्याखटक्यानं फिरते. पिळली की इंधन कमी जातं, मागं घेतली की जास्त. इंधन जास्त झालं तर इंजिन बोबडं बोलतं, कमी झालं तर किंचाळतं, आणि त्या किंचाळण्याच्या दोन खटके अलीकडे थांबायचं असतं. एकदा रानाच्या पार त्या टोकाला कुणीतरी विमान सुरू केलं. मामा इकडे डबा खात होते. मान वर न करता म्हणाले, "पंधरा टक्के नायट्रो टाकलंय त्यानं. दहावर आन म्हणावं." मी पळत जाऊन विचारून आलो. पंधराच होतं. त्या दिवसापासून मी या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करत आलो आहे.

म्हणूनच गेली दोन वर्षं वाईट गेली. मामांची इंजिनं हवेत बंद पडायला लागली. त्यांनी नायट्रो दहाचं बारा केलं, बाराचं पंधरा केलं, पुन्हा दहावर आणलं. एरंडेल बदललं, मिथेनॉलच्या व्यापाऱ्याशी भांडले. निवृत्तीच्या वर्षी बनवलेलं लाडकं पिवळं विमान तुरीत पडलं, तेव्हा मात्र ते भांडले नाहीत. पंख गोळा करत म्हणाले, "मिश्रणच जमंना, जावई. आता बंद करावं."

मिश्रणात काहीच बिघडलेलं नव्हतं, हे रानातल्या प्रत्येकाला कळत होतं. माणसांचं बोलणं मामांना बऱ्यापैकी ऐकू यायचं, चढा बारीक आवाज तेवढा निसटायचा. इंजिन किंचाळत असायचं आणि हे सुई अजून पिळत असायचे. पण सांगणार कोण? उडवणारे निम्मे त्यांचे विद्यार्थी, आणि मी तर पडलो जावई.

पिवळं विमान जोडून झालं. हे शेवटचं, असं म्हणून मामा आम्हाला रानात घेऊन गेले. विमान जमिनीवरच धरून इंजिन सुरू केलं, सूर चढत गेला, किंचाळायला लागला. मामांची बोटं सुईवर फिरतच होती. आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघत होतो. मामींनी मेथीची जुडी खाली ठेवली, उठल्या, येऊन मामांचं मनगट धरलं.

"मिश्रण झकास हाय तुमचं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पहिल्यापास्नं झकासच हाय. कान गेलेत तुमचे."

मामांची बोटं सुईवर थांबली. मग एवढंच म्हणाले, "किती मागं घेऊ?"

मामींनी दोन बोटं दाखवली. मामांनी सुई दोन खटके मागं घेतली, आणि इंजिनाचा सूर असा काही बसला की सगळ्यांच्या माना चपलांवरून वर आल्या. पिवळं विमान हवेत सोडलं, ते टाकी संपेपर्यंत उडत होतं. परतताना मी मामींना विचारलं, तुम्हाला हे कसं कळतं? त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्सं ऐकतच आले की."

आता मामी विमानाकडे तोंड करून बसतात. नायट्रो किती, हे अजून मामाच ठरवतात. सुई मात्र मामींच्या बोटांकडे बघून फिरते. कानाला मशीन आलंय, पण त्यातून सगळी इंजिनं सारखीच वाजतात म्हणून रानात ते खिशात असतं.

मागच्या महिन्यात मामी आमच्याकडे नांदेडला राहायला आल्या होत्या. रविवारी संध्याकाळी मामांचा फोन आला. लातूरला हवा फार छान होती म्हणाले, कोरडी, हलकी. मी विचारलं, मग उडवलं का? म्हणाले, "इंधनाचा डबा भरून नेला होता. तसाच आणला."

मी फोन मामींच्या हातात दिला. त्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "झाकण घट्ट लावून ठेवा. परवा येते मी." फोन ठेवला आणि आत जाऊन पिशवी भरायला लागल्या.