पालथ्या पातेल्याचा डोंगर

डोंगर समजावून सांगायला काकीला नकाशा लागत नसे, भांडी लागत. संध्याकाळचा चहा झाला की ती टेबलावरचं सगळं बाजूला सारायची आणि मेणकापडावर आधी एक कप पालथा घालायची. हा धाकटा ज्वालामुखी. कधीचाच थंड झालाय, आत गवत वाढलंय, गुरं चरतात. पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला हा. त्याच्या शेजारी वाडगा पालथा. हा मधला. वाट सगळी काळ्या खडीची, बूट धड नसतील तर तळपायाची चाळण ठरलेली. आणि मग स्वयंपाकघरातून ते मोठं पातेलं यायचं. त्याच्या बुडाला मधोमध पोचा पडलेला होता. तेच थोरल्या डोंगराचं तोंड, अजून धूर सोडणारं.

चार खोल्यांचं ते घर. खाली खाणं, वर राहणं. माणसं कुठून कुठून यायची, उन्हानं भाजलेली, घामानं निथळणारी, आणि तिन्ही डोंगर दोन दिवसांत उरकायच्या गोष्टी करायची. काकी ऐकून घ्यायची नाही. "चढायला आलाय की शर्यत लावायला? आज नुसतं झोपायचं. उद्या कप, परवा वाडगा, पातेलं सगळ्यात शेवटी. आणि उजाडता निघायचं. ऊन चढलं की इथे ढग येतो म्हणजे येतोच, त्याला पाहुणे कळत नाहीत." मोठमोठे हुद्देवाले लोकसुद्धा तिच्यापुढे माना डोलवायचे. डोलवतील नाहीतर काय, दुसऱ्या दिवशीचा डबा तिच्याच हातात होता.

मग कोणीतरी हमखास विचारायचं, "काकी, तुम्ही गेलाय का वर?"

काकी हसायची. "मी कशाला जायला हवं? हे गेलेत ना. हे गेले म्हणजे मी गेल्यासारखंच." आणि ती सांगायला लागायची: काठावर पिवळी पूड सांडलेली असते, खाली खोल हिरवं पाणी असतं, कच्च्या कैरीच्या सालीसारखं हिरवं, आणि त्यातून डेगेतल्या आधणासारखा आवाज येतो. असं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई आत्ताच तिथून हात धुऊन आलीय.

हे म्हणजे काका. वाटाड्या. बोलायला गोड, चालायला काटक. लग्न होऊन काकी या घरात आली तेव्हापासून ते माणसं वर नेत होते, आणि इतक्या वर्षांत एकदाही दुपारच्या जेवणाला उशीर नाही. पहाटे माणसं घेऊन जायचे, पानं मांडायच्या वेळेला हजर. काकीला त्याचा कोण अभिमान! कारण समोरच्या घरातही एक वाटाड्या होता आणि त्याची माणसं परतायची ती दिवेलागणीला, तोंडं काळवंडलेली, पाय ओढत. काकीनं त्याचं नावच लांबण ठेवलं होतं. "उगाच लांबण लावतो मेला. आमचे हे जेवायला परत येतात, याला दिवस पुरत नाही." बरं, त्याच्या पाहुण्यांचे कपडे गच्चीवर वाळत पडले की गल्लीभर गंधकाचा वास सुटायचा, विझलेल्या काडीसारखा. काकी खिडकीतून ओरडायची, "अहो समोरचे, तुमच्याकडे माणसं आंघोळ करतात की नाही?" लांबण वर बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मुकाट्यानं आत जायचा. काकीला वाटायचं, कशी जिरवली!

आमच्या ह्यांच्या कपड्यांना वास कसा येत नाही, हे तिनं एकदा विचारलंही होतं. काका म्हणाले, "वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं असतं. त्याला अक्कल लागते." काकीनं ते गल्लीभर सांगितलं. आता काय बोलावं! घरची माणसं सांगतात ते आपण चाळणीतून थोडंच चाळून घेतो?

काकीची एकच इच्छा होती. ते हिरवं पाणी एकदा डोळ्यांनी बघायचं, ह्यांच्या शेजारी उभं राहून. फार काही मागणं नाही हो. पण आधी सासूबाईंचं दुखणं, मग लेक लहान, मग पाहुण्यांची वर्दळ. काका म्हणायचे, "दुरून डोंगर साजरे. वर आहे काय? धूर आणि दगड. तुझे गुडघे मोलाचे आहेत मला." तिला बरं वाटायचं. नवरा गुडघ्यांची काळजी करतो म्हणजे थोडं झालं? तरी तिनं बूट घेऊन ठेवले होते. खाटेखाली खोक्यात. पावसाळा संपला की काढायची, पुसायची, पुन्हा ठेवून द्यायची.

यंदा लेक माहेरपणाला आली आणि तिनं ते खोकं बाहेर ओढलं. "आई, हे बूट पायात घालायचे आहेत की हुंड्यात द्यायचे? जा तू. स्वयंपाकघर मी बघते."

काकांनी काय काय नाही केलं! हवा बरी नाही म्हणाले. बूट जुने, तळ सुटेल म्हणाले. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणाले. काकीनं पातेलं पालथं घातलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "मी ह्याच्यावर अर्ध्या जगाला चढवलं. उद्या मी जाणार. तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी उजाडता दोघं निघाली. खालचं रान दमट, गळ्यापर्यंत वाढलेलं नेचं, पायाखाली ओला पाचोळा. काकी नव्या नवरीसारखी हरखली होती. जे आजवर तोंडानं सांगितलं ते पायाखाली येत होतं. हा ओढा, हे पडकं झाड, सगळं बरोब्बर! काका मात्र चालेनात. रानातल्या झोपडीत चहाला बसले ते उठेचनात. एक झाला, दुसरा झाला. मग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. काकी म्हणाली, "अहो, ढग येईल ना!"

"येऊ दे की. घाई काय आहे?"

जन्मभर ज्यांच्या तोंडून लवकर चला, लवकर चला ऐकलं, ते असं म्हणतायत म्हटल्यावर तिला जरा चमत्कारिक वाटलं. पण म्हटलं, आपल्या गुडघ्यांसाठी थांबत असतील.

ढग आलाच नाही. वारा सुटला होता, त्यानं आकाश झाडून ठेवलं होतं. रान संपलं, खडी लागली, आणि चढ संपून एक सपाट जागा आली. जमिनीत चार-दोन भेगा, त्यांतून चहाच्या किटलीएवढी वाफ. एक मोठा दगड, बसून बसून गुळगुळीत झालेला. काका थांबले. घसा खाकरला. आणि काकीकडे न बघता, पाहुण्यांशी बोलायचे त्या गोड आवाजात म्हणाले, "हं, पोहोचलो बरं का आपण. या दगडावर टेकायचं, दम खायचा. नशीब असलं तर ढग फाटतो आणि खाली हिरवं पाणी दिसतं."

काकी दगडावर टेकली. खाली बघितलं. उतार, खडी, रान. मग मान वर केली. डोंगर तसाच पुढे वर गेलेला होता, उघडाबोडका, निम्माअधिक तरी असेल. टोकावरून पांढरा धूर सरळ निघत होता. आणि त्या चढावर मुंग्यांएवढी माणसं चाललेली दिसत होती.

"ते काय आहे?"

"कुठे काय?"

"ते वर. माणसं जातायत ते."

"ते होय? तो मागचा डोंगर. दुसरा आहे."

अहो, लख्ख उजेडात! डोळ्यांसमोर! एवढंसं पोरही फसलं नसतं. पण काकी क्षणभर फसायला तयार होती, खरंच तयार होती. तिच्या पातेल्याला मधे असा सपाट खांदा कधी नव्हताच, तिला वाटलं आपलंच चुकत असेल. तेवढ्यात खालून बुटांची करकर ऐकू आली. लांबण, मागे पाच-सहा पाहुणे.

"वहिनी!" तो मनापासून खूश झाला. "वा, आज तुम्ही!" मग त्यानं काकांकडे बघितलं, काकांनी बुटांकडे. लांबणाचा चेहरा उतरला. हलकेच म्हणाला, "इथेच थांबणार ना?"

टोमणा मारला असता तर काकीनं व्याजासकट परत केला असता, त्यात ती कुणाला हार जात नव्हती. पण त्याच्या आवाजात कणव होती. तिथे तिच्या पायाखालची जमीन सरकली. ह्याला माहीत होतं. सगळ्या वाटाड्यांना माहीत असणार. एकमेकांच्या पोटावर पाय द्यायचा नाही म्हणून सगळे गप्प. आणि आपण खिडकीतून ओरडत होतो, आंघोळ करता की नाही! कोणाची जिरली म्हणायची, बाई?

"तुम्ही वर कधीच गेला नाहीत?" तिनं विचारलं.

काकांनी बुटाच्या टोकानं खडी उकरली. मग म्हणाले, "एकदा गेलो होतो. लग्नाआधी. काठाच्या अलीकडेच होतो आणि पायाखाली हादरलं. एक भलामोठा दगड माझ्या बाजूनं गेला. रांगत खाली आलो. त्यानंतर पाय उचललाच नाही. लोकांना इथेच पोहोचल्यासारखं वाटतं. त्यांचं काय बिघडतं?"

"आणि हिरवं पाणी?"

"ऐकलेलं."

काकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही. "भ्यालात, त्याचं काही नाही. माणूस भितो. त्याच रात्री मला सांगितलं असतंत तर तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले असते. लोकांना फसवलंत, तेही म्हणेन पोटासाठी. पण माझ्या तोंडून फसवलंत. मी शपथा घेऊन सांगत होते हो! आणि आज... आज मलाही आणून त्याच दगडावर बसवलंत? मलाही तेच पाठ केलेलं म्हणून दाखवलंत?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"गप्प बसा."

एवढ्या संसारात हे दोन शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारले. मग ती उठली, नाड्या आवळल्या आणि वर निघालेल्या लांबणाला हाक मारली. "भाऊजी, थांबा. मी येते."

"तुला झेपायचं नाही!" काका मागून म्हणाले.

"नाही झेपलं तर वरून परत येईन. इथून कशाला येऊ?"

झेपलं की! गुडघे ओरडत होते, पण गुडघ्यांना त्या दिवशी विचारतंय कोण? वारा फिरला की डोळ्यांत झोंबायचं, लांबणानं ओला रुमाल तोंडाला बांधायला दिला. काठावर पोहोचल्यावर त्यानं तिचा दंड धरला आणि म्हणाला, "बघा."

पाणी नव्हतं. राखेच्या रंगाचा एक भलामोठा खड्डा, कडेनं पिवळे ओघळ, तळातून फुसफुसत वर येणारी वाफ. आधणासारखा आवाजही नव्हता. कुणीतरी झोपेत कण्हावं तसा होता.

"हिरवं पाणी कुठंय?"

"पाणी?" लांबण गोंधळला. "आमचे आजोबा म्हणायचे, त्यांच्या आजोबांनी बघितलं होतं."

पाहुणे एकमेकांचे फोटो काढत होते, मिठ्या मारत होते. काकीच्या शेजारची जागा रिकामी होती. ती जागा तिनं किती वर्षं राखून ठेवली होती! तिनं डोळे भरून बघितलं, डोळे भरून रडली आणि उतरायला लागली.

ती घरी आली तेव्हा दिवे लागले होते. काका मात्र दुपारीच, जेवायच्या वेळेला पोहोचले होते, नेहमीसारखे. पायरीवर बसले होते. लेक धावत आली आणि नाकाला हात लावून म्हणाली, "ई, आई! केवढा वास येतोय तुला!"

"तिथे गेलं की येतो," काकी म्हणाली. काका उठून आत गेले.

कपडे तिनं रात्रीच धुतले आणि गल्लीकडच्या दोरीवर वाळत घातले. सकाळी खिडकीतून सगळ्या घरात तो वास भरला होता. समोरच्या गच्चीत लांबण दिसला. त्यानं तोंड उघडलं, मग हसून आत गेला. काकीलाही हसू आलं असतं, पण आलं नाही.

संध्याकाळी नवे पाहुणे आले, एक तरुण जोडपं. काकीनं टेबल मोकळं केलं. कप पालथा घातला, वाडगा पालथा घातला. मग पातेलं ठेवलं आणि त्याच्या कुशीला, आजवर कधी नव्हती ती, एक छोटी वाटी पालथी टेकवली.

"हा खांदा. इथपर्यंत गुडघे दुखणाऱ्यानंही जावं. वाफ आहे, देखावा आहे, जेवायला परत येता येतं. पण हे टोक नव्हे. टोकाला जायचं तर दिवस जातो, आणि समोरच्या भाऊजींबरोबर जायचं."

काका दारापाशी चहा घेत होते. त्यांनी कप बशीत ठेवला.

"वर काय आहे?" मुलीनं विचारलं.

"करडा खड्डा आहे. वास आहे. पाणी नाही. मला वाटतं बघण्यासारखं आहे."

"म्हणजे तुम्ही पाहिलंय, काकी?"

"पाहिलंय."

"आणि काकांनी?"

आजवर काकांच्या वतीनं तिनंच उत्तर दिलं होतं. या वेळी तिनं दाराकडे बघितलं.

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली, आणि पातेलं न उचलता तशीच उभी राहिली.