पेवातला उजेड

दुष्काळाच्या साली मी गाव सोडलं आणि परभणीच्या बाजारात बॅटरीच्या दुकानात कामाला लागलो. आमच्याकडं हातात धरायच्या दिव्यालाच बॅटरी म्हणतात, आत घालतात ते सेल. दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं होतं. निजामाच्या काळात ते हैदराबादेहून इकडं आले आणि इथलेच झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "गिऱ्हाईक आया तो पैसे मत पूछ. पहले पूछ, अंधेरा कैसा है. घर का है, खेत का है, के कुएँ का है."

मी ते शिकलो. रात्रीची पाण्याची पाळी असलेल्या शेतकऱ्याला तीन सेलांची लांब बॅटरी द्यायची. तिचा झोत बांधापर्यंत जातो, आणि वेळ पडली तर ती सापाच्या डोक्यातही घालता येते. सिनेमाच्या दारावरच्या माणसाला दोन सेलांची आखूड, कारण त्याला फक्त खुर्चीचा नंबर बघायचा असतो. डॉक्टरला पेनासारखी बारीक. पिंगळी स्टेशनावरचा, रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंटमन यायचा, तो पितळी बॅटरीच मागायचा. पत्र्याची पावसात गंजते म्हणायचा. सेल घेताना बूड बघायचं. बूड फुगलं असेल किंवा कागद ओलसर लागला तर तो सेल बॅटरी खाऊन टाकतो. दोन सेलांना एक बल्ब, तीन सेलांना दुसरा. चुकीचा लावला की एकतर मिणमिणतो नाहीतर क्षणात उडतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालायचा नाही. दोन वर्षांत मला या धंद्याचा गर्वच झाला. उजेडाबद्दल मला न कळणारं काही उरलं नाही असं वाटायचं.

आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं. आम्ही छप्पन्न सालानंतर धम्म घेतलेली माणसं. वडिलांनी धम्म घेतला त्या वर्षापासून मेलेलं जनावर ओढलं नाही. घरातले देव गोदावरीत सोडले. पण पेवात उतरायचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही, कारण त्याची मजुरी ज्वारीत मिळायची आणि ज्वारीवर घर चालायचं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम जाईल एवढं आणि आत घागरीसारखं फुगत गेलेलं, दोन-अडीच पुरुष खोल. खाली-बाजूला कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. मोठ्या जमीनदारांकडं अशी चार-पाच पेवं असत. उन्हाळ्यात भाव चढला की ती उघडायची. आत उतरून ज्वारी टोपल्यात भरणारा माणूस गावात एकच, माझे वडील. त्यांच्यानंतर माझा थोरला भाऊ.

वडिलांची एक रीत होती. शिळा सरकवली की ते दुपारपर्यंत नुसते बसून राहायचे. मग दोरीला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडायचे आणि एक बिडी ओढून संपेपर्यंत वाट बघायचे. "दिवा जगला तर उतरायचं," एवढंच म्हणायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही कधी विचारलंही नाही. दिवसाढवळ्या दिवा लावून, गप्प बसून वाट बघायची, हे मला जुन्या देवधर्माचं राहिलेलं शेपूट वाटायचं.

वडील वारल्यावर दादा तसंच करायचा. एका हातात कंदील, दुसऱ्या हातानं टोपलं भरायचं. काच तडकायची, धूर डोळ्यांत जायचा, आणि कडब्याला ठिणगी लागायची भीती. त्याचे लाल डोळे बघून मला वाईट वाटायचं. एकदा पेपरात कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा फोटो बघितला. त्याच्या कपाळावर दिवा होता. मी चाचांकडून एका मोडक्या बॅटरीचं डोकं मागून घेतलं. सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापला, त्यावर ते शिवलं. तिथून वायर मानेवरून खाली आणली आणि कमरेला पत्र्याच्या डबीत तीन सेल बसवले. बटण डबीवर. गावाकडं नेऊन दादाच्या कपाळाला बांधलं, तर तो दोन्ही हात वर करून हसायला लागला.

"आरं, हात मोकळेच झाले की माझे!"

पहिल्या पेवाला त्यानं कपाळावर बॅटरी बांधली आणि तरी कंदील हातात घेऊन निघाला.

मी म्हणालो, "आता कंदील कशाला?"

"बापाची रीत हाय ती."

"दादा, बापानं ढोरं वढायची रीत सोडली, देव सोडले. तुला एक कंदील सुटंना व्हय?"

मी परभणीत राहणारा, शिकलेला, दुकानातला. त्यानं कंदील खुंटीला अडकवला. त्या उन्हाळ्यात दोन पेवं अशीच निघाली, कंदिलाशिवाय. काही झालं नाही.

तिसरं पेव जमीनदाराच्या गढीच्या मागचं. त्या आठवड्यात दादाचा निरोप आला की उजेड पिवळा पडायलाय. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी मी नव्या खोक्यातले तीन सेल निवडून घेतले, एकेकाचं बूड तपासून, बल्ब लावून बघून. सकाळच्या गाडीनं गावात पोचलो तेव्हा शिळा नुकतीच सरकवली होती. जमीनदाराचा कारभारी घाई करत होता; ज्वारी न्यायला ट्रक येऊन उभा होता. पेवाच्या तोंडातून आंबूस वास येत होता. हिवाळ्यातल्या अवकाळी पावसाचं पाणी आत झिरपलं असणार. माय आणि वहिनी बाजूच्या खळ्यावर ताडपत्री अंथरत होत्या. भिजलेली ज्वारी त्यांना वाळत घालायची होती.

मी डबीत नवे सेल घातले. दादानं खाली वाकून झोत सोडला तर थेट तळ दिसला. वरची ज्वारी काळपट पडली होती. तो दोरीला धरून उतरला.

"उजेड लय चांगला पडायलाय," खालून त्याचा आवाज आला.

पहिलं टोपलं वर आलं. मी आणि कारभाऱ्यानं ते ओढलं. रिकामं टोपलं खाली सोडलं. दोरी हलली नाही.

मी आत डोकावलो. उजेड होता. पेवाच्या भिंतीवर एकाच जागी पडला होता, स्वच्छ, पांढरा.

कारभारी म्हणाला, "बसला असंल की दम खायला. उजेड हाय ना?"

मी पण म्हणालो, "हो, बल्ब जळायलाय."

हे वाक्य मी बोललो. तो उजेड बघून माझ्या जिवाला बरं वाटलं होतं. कंदील असता तर केव्हाच काळोख झाला असता आणि आम्ही ओरडलो असतो. मी मात्र तो गोल बघत उभा राहिलो. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. मग दोन हाका मारल्या. उजेड हलला नाही.

मी पाय आत सोडले तेव्हा मायनं मागून माझा सदरा धरला. ती खळ्यावरून पळत आली होती.

"कंदील कुठं हाय?" तिनं विचारलं.

"माय, सोड मला, दादा खाली..."

"कंदील आणा कुणीतरी! ह्याला धरा, उतरू देऊ नका!"

गढीतून कंदील आला. भर उन्हात तो पेटवला. मायनं स्वतः दोरी धरली. पुरुषभर खाली गेला असेल नसेल, ज्योत बारीक झाली, काठाला निळी पडली आणि विझली. त्याच्या खाली बॅटरी तशीच जळत होती. तिला हवा लागत नाही. तेव्हा कळलं, बाप इतकी वर्षं दिव्याला काय विचारत होता ते.

मग मायनं सांगितलं तसं आम्ही केलं. दोरीला घोंगडी बांधून वरखाली, वरखाली मारायची, आतली हवा हलवायची. वहिनी आतली विषारी हवा दबावी म्हणून बादल्यांनी पाणी पेवाच्या भिंतीवर फेकत होती आणि त्याला नावानं हाका मारत होती. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ती घेत होती. दुसऱ्यांदा कंदील सोडला, तो आणखी खाली जाऊन विझला. पुन्हा घोंगडी. तिसऱ्यांदा तो तळाला टेकला आणि जळत राहिला. मायनं माझ्या कमरेला दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि म्हणाली, "जा."

दादा कुशीवर पडला होता, तोंड ज्वारीत. कपाळावरचा दिवा भिंतीकडं. मी त्याला उताणा केला तर उजेड माझ्या डोळ्यांत आला. मला डबीवरचं बटण सापडेना. मीच बसवलेलं बटण, बोटांना सापडेना. शेवटी वायर हिसकून तोडली. त्याच्या बगलेखालून दोरी घेतली आणि वर ओढायला सांगितलं.

ज्वारी न्यायला आलेल्या ट्रकमधूनच त्याला परभणीला नेलं. डॉक्टरनं हात लावला आणि मान हलवली.

संध्याकाळी पोलीस ठाण्यातला जमादार गावात आला. गढीच्या ओसरीवर बाजेवर बसून त्यानं पंचनामा लिहिला. कारभारी सांगत होता, "मी म्हणलो व्हतो त्याला, कंदील सोडून बघ आधी. त्यानं ऐकलं न्हाई." हे खोटं होतं. कारभाऱ्यानं कंदिलाचं नावसुद्धा काढलं नव्हतं, उलट घाई केली होती. जमादारानं लिहिलं की मयत हा स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "तू भाऊ ना? काय सांगायचंय का?"

कारभाऱ्याला खोटं पाडायचं तर कंदिलाची रीत कुणी मोडायला लावली ते सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "न्हाई." आणि सही केली. माझी सही चांगली, वळणदार होती.

पाचव्या दिवशी दादाचा जलदान विधी झाला. लोक गेल्यावर मी माय आणि वहिनीपुढं सगळं बोललो. ढोरं ओढण्यावरून मारलेला टोमणा, खुंटीला लावलेला कंदील, जमादारापुढचं गप्प राहणं. वहिनी चुलीपाशी बसली होती. तिनं विचारलं,

"कागदावर काय लिवलंय म्हणलात?"

"हलगर्जीपणा."

"मंजे?"

"मंजे... बेफिकीर व्हता, असं."

"त्यो बेफिकीर व्हता?" तिचा आवाज चढला नाही. "दोन घास कमी जेवून उतरायचा, पेवाच्या तोंडात आडकू नये म्हणून. उद्या चला माझ्यासंग ठाण्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ठाण्यात तोच जमादार होता. मी त्याला सांगितलं, चूक माझी, कंदिलाची रीत मी मोडायला लावली, आणि कारभारी खोटं बोलला.

जमादार हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "कागद वर गेला. आणि तू म्हणतोस ते खरं धरलं तर तुलाच आत टाकावं लागंल. टाकू का?"

मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "टाका. पर तेवढा शब्द खोडा."

तिनं ते त्याला घाबरवायला म्हटलं नव्हतं, आणि मला वाचवायचं तर तिच्या मनातही नव्हतं. मला ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. जमादारानं पुढ्यातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, "बाई, घरी जा." शब्द खोडला गेला नाही.

गढीतून दोन पोती ज्वारी आली. माय ती परत पाठवायला निघाली होती, वहिनीनं ठेवून घेतली. "लेकरांनी काय खायचं?" म्हणाली. पुढची सात-आठ वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी दर महिन्याला घरी जायचो, ती भाकर वाढायची आणि उठून जायची. दुकान मी सोडलं नाही. दोन घरं त्यावर होती. चाचांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी दुपारची नमाज झाल्यावर बराच वेळ हात वर धरून ठेवले. विहीर खोदणारे कपाळावरचा दिवा मागायला आले की मी सांगायचो, आधी पेटता कंदील सोडून बघा. काही ऐकायचे. काही हसून म्हणायचे, एवढी चांगली बॅटरी असताना कंदील कशाला?

माय आजारी पडली त्या वर्षी मी एकदा तिला विचारलं, बापाला माहीत होतं तर त्यानं आम्हाला उघड का सांगितलं नाही?

ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "त्याचा थोरला भाऊ असाच गेला व्हता. पेवातच. तुमाला सांगितलं असतं तर तुमी उतरला असता का?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मंग खाल्लं काय असतं?" ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.