धुण्याच्या तळ्यातले शिंपले

माझी काकू अंबाबाई म्हैसुरात रंगाऱ्यांच्या गल्लीत शिंपले भाजून चुना करायची. निळीच्या रांजणात तोच चुना पडायचा. प्लेगच्या साली तिचा नवरा गेला, तेव्हा माझ्या वडिलांनी, पद्मनाभ रंगाऱ्यांनी, तिला आणि तिच्या कमलाक्षीला घरात ठेवून घेतलं, असं गल्ली म्हणायची. ठेवून कसलं, राबवून घेतलं! दूध आम्हा बहिणींना; कमलाक्षी आमच्या मागून जेवायची, उरलं तर. मी थोरली, तुंगा. मला सगळं दिसत होतं आणि मी पेला रिकामा करत होते.

कमलाक्षी नऊ वर्षांची झाली तरी सहाची वाटे. वडील म्हणायचे, "बापाचंच हाड घेतलंय, काय करणार!"

काकूला हे सोसवेना. आम्ही कापड धुवायचो त्या तळ्यातले शिंपले बोटभरच राहायचे, हूटगळ्ळीकडच्या तळ्यातले तळहाताएवढे व्हायचे. तिने आमच्या तळ्यातले साठ बारके शिंपले काढले, कानशीने प्रत्येकाच्या कडेला खाच पाडली. तीस तिथेच परत सोडले, तीस ओल्या फडक्यात बांधून चालत हूटगळ्ळीला नेले. दोन वर्षांनी चिखल चाचपून शोधले. इथले होते तसेच. तिकडचे तेवीस सापडले. त्यांतले एकोणीस चांगले पोसले होते, चार लांबट जातीचे मात्र तिथेही बारीकच.

तिने ते वडिलांपुढे ओतले. "भावजी, कापड तेच, पण विहिरीच्या पाण्यात तांबडा उठतो नि तळ्याच्या पाण्यात विटकरी होतो, हे तुम्हीच सांगता ना, अल्वा? जात असते, नाही म्हणत नाही मी. पण पाणीच वाईट असलं तर जात काय करील? पोरीला सरगूरला माझ्या भावाकडे धाडा. त्याच्या गोठ्यात म्हशी आहेत. अजून वय आहे तिचं वाढायचं."

रंगावर पाण्याचा काय परिणाम होतो, हे माझ्या वडिलांइतकं उभ्या म्हैसुरात कुणाला कळत नव्हतं. त्यांनी एकोणीस शिंपले बाजूला सारले आणि चार लांबट उचलले. "ही बघ तुझी कमलाक्षी," म्हणाले. शिवाय दसऱ्याची कापडं धुवायला हात कमी पडत होते. त्यांच्या शब्दाशिवाय पोरीला घराबाहेर काढायची विधवेची टाप नव्हती. काकूने शिंपले गोळा करून भट्टीत घातले.

सोळाव्या वर्षी कमलाक्षी बाळंतपणाला आली आणि अडली. दोन दिवस. सुईण बाहेर येऊन म्हणाली, कंबरेचं हाडच अरुंद, मूल यायचं कुठून? दोघंही गेली. वडिलांनी लोकांना सांगितलं, देवाची इच्छा. त्या शब्दांसाठी मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

मीही तेव्हा सातव्या महिन्यात माहेरी आले होते. दाराशी रडत उभी होते. काकूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रडू बेडा, रडू नको, तुंगा," ती म्हणाली. "तुझं सोपं जाईल."

गेलं. दोन महिन्यांनी एका दुपारी कळा सुरू झाल्या आणि दिवेलागणीला मुलगा माझ्या कुशीत होता.