तापाचा साबुदाणा

एकोणतीस मार्च, रविवार. वर्षाचा गहू अंगणात पसरला आहे आणि मी चाळायला बसले आहे. एक ढीग माझा, एक आक्काचा. दरवर्षी ती शेजारी बसून माझ्या चाळणीला नावं ठेवते. यंदा आपल्या घरात खाटेवर पडून, खिडकीतून ठेवते आहे.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. आजारपणाची इतकी जय्यत तयारी ठेवणारी बाई अख्ख्या वऱ्हाडात दुसरी सापडणार नाही, आणि तिच्या घरात कैक वर्षांत कोणी आजारी पडलेलं नाही. कारण पडायला कोणी उरलेलंच नाही. नवरा गेला, मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला. अमडापुरात ती एकटी, आणि भिंतीपलीकडे मी एकटी. माझे यजमान, म्हणजे तिचा भाऊ, गेल्यापासून आमच्या गल्लीच्या या टोकाला दोन घरं आणि दोन बाया आहेत.

बाकीच्या बाया पाहुण्यांसाठी धान्य भरतात, सणासाठी भरतात. आक्का तापासाठी भरते. तिच्या सैपाकघरात दोन फळ्या आहेत. खालची निरोगी माणसांची. तिच्यावर पीठ, तूर डाळ, तिखट, जे असेल ते. संपलं तर संपलं, उद्या आणू. वरची फळी आजाऱ्याची, आणि ती कधी रिकामी होत नाही. जुना तांदूळ, सालाची मूग डाळ, साबुदाणा, ज्वारीच्या लाह्या, सुंठ, ओवा, खडीसाखर, मुरून काळं पडलेलं लिंबाचं लोणचं. डब्यांना नावं जिनसांची नाहीत. पोराचा टायफॉइड, पोरीची कावीळ, मामंजींचा खोकला, अशी आहेत. ‘वहिनी, तेवढा मामंजींचा खोकला खाली काढ’ असं ती म्हणाली की समजायचं, ज्येष्ठमध पाहिजे. मामंजी जाऊन जमाना झाला. माणसं निघून गेली, त्यांचे आजार मात्र आक्कानं नीट झाकण लावून ठेवले आहेत.

या फळीचा नियम कडक. एकदा गल्लीतली एक बाई एकादशीला वाटीभर साबुदाणा मागायला आली. दुकान बंद होतं, उपास तोंडावर. आक्कानं विचारलं, ‘आंग गरम हाये का तुयं?’

‘नाही वो आक्का. उपास हाये.’

‘मंग नाही भेटत. हा तापाचा साबुदाणा हाये, उपासाचा नोहे.’

ती बाई रागानं केळी खाऊन राहिली. पुढच्या महिन्यात तिच्या नातवाला ताप आला, तर आक्का न बोलावता डबा घेऊन दारात हजर. खीर करून, गार करून, पोराला भरवून आली. परत येताना तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर लग्न पार पडल्यावर असतं.

तिला ‘तब्येत कशी आहे’ विचारायचा नाद आहे, आणि उत्तर चांगलं आलं की तिचा जीव खट्टू होतो. दिवाळीला मुलगा येतो तेव्हा तो दारात चप्पल काढत असतानाच ती त्याच्या कपाळाला हात लावते. ‘डोये काऊन असे दिसून राह्यले तुये?’ तो म्हणतो, ‘आई, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये होतो.’ तेवढ्यावर ती सुंठ उगाळायला घेते. मला साधी शिंक आली तरी भिंतीवर पलीकडून ठकठक होते. मी मुद्दाम शिंका दाबायला शिकले आहे.

मागच्या वर्षी मुलानं तिला महिनाभर पुण्याला नेलं. दहाव्या दिवशी परत. मी विचारलं, ‘काय झालं? सुनेशी वाजलं का?’

‘सून लाखाची हाये. पन त्या घरात चार दिवसाचं धान्य नाही वो. मोबाईल दाबला की पोरगा पिशवी घेऊन येते. डोकं दुखलं तं गोयी बी तोच आनते. मी म्हनलं, ह्या लोकायले झोप कशी लागते?’

‘लागते ना झोप?’

‘घोरतात,’ आक्का म्हणाली. तिला तेच सहन झालं नव्हतं.

तर अशी ही बाई परवा आजारी पडली. शुक्रवारी सकाळी तिच्या अंगणात झाडूचा आवाज आला नाही. मी गावच्या सहकारी सोसायटीत कारकून आहे, मार्च एंड चालू, म्हणून घाईत निघून गेले. संध्याकाळी आले तरी अंगण तसंच. मग कडी वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं. आक्का खाटेवर, अंग तव्यासारखं, आणि गॅसजवळ एक भांडंसुद्धा खरकटं नाही. आदल्या दुपारपासून पाण्याशिवाय काही पोटात नव्हतं. आणि सैपाकघरात ती भरलेली फळी.

मी म्हटलं, ‘आक्का, एवढं सगळं घरात आणि तू उपाशी?’

‘आजारी मानसानं आपली पेज आपून शिजवू नाही,’ ती डोळे न उघडता म्हणाली. ‘पेज दुसऱ्याच्या हातची पायजे. नाही तं आंगी लागत नाही.’

‘मग मला हाक मारायची.’

‘तुया मार्च एंड होता.’

मला राग आला. रागातच फळीवरचा तांदूळ काढला आणि कुकर लावला. शिट्टी झाली तशी खोलीतून आवाज आला, ‘पेजीले शिटी कोन देते वो?’ एवढ्या तापात कान शाबूत. मी कुकर उतरवला, पातेलं चढवलं आणि ढवळत उभी राहिले. तिनं वाटीभर पेज सावकाश संपवली. मग म्हणाली, ‘मीठ कमी हाये. पन असू दे.’

डॉक्टर येऊन गेले. औषधानं ताप उतरेल, म्हणाले. मला बाहेर घेऊन एवढंच सांगितलं, की या वयात यांना एकटं ठेवू नका. शनिवारी ताप उतरला. संध्याकाळी ती मोरीकडे जायला उठली आणि दाराला धरून खाली बसली. मी होते म्हणून बरं. मंगळवारपर्यंत मी ऑफिसात अडकलेली, आणि मंगळवारनंतरही रोज दहा ते सहा तिच्याजवळ कोणी नाही.

आज गहू पोत्यात भरून तिच्याकडे गेले, तेव्हा तिनंच विषय काढला. ‘पोराले सांगू नको. तो येईन आन् घेऊन जाईन.’

‘नेलं तर नेलं. तिथे माणसं आहेत.’

‘आन् इथं कोनी आजारी पडलं तं?’

‘इथे आता आहे कोण, आक्का?’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला साधी बेरीज येत नाही. ‘तू हाये ना,’ म्हणाली, आणि पांघरूण ओढून घेतलं.

मी गव्हाचं पोतं कोपऱ्यात सरकवलं. उगाच पुन्हा एकदा सरकवलं. ती इथेच राहावी असं मला वाटतं. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, आणि डॉक्टर जे म्हणाले त्याच्यापुढे त्याला किंमतही नाही.

तीस मार्च, सोमवार. सकाळी मी भाच्याला फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, दाराला धरून बसली तेसुद्धा. तो म्हणाला, ‘मामी, शनिवारी गाडी घेऊन येतो. आता तिला तिथं ठेवत नाही.’ मी म्हटलं, ये. मग पलीकडे जाऊन आक्काला सांगितलं, कारण ते तिला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी सोसायटीत फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं, खुर्ची खाटेजवळ ओढली, आणि ती इकडे वळेपर्यंत बसून राहिले.