सोफ्याच्या रंगाचा वेल

पडदे शिवण्यात काकूंचं उभं आयुष्य गेलं. गल्लीत सगळे त्यांना पडदेवाल्या काकूच म्हणत. त्यांच्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीत मात्र भरदिवसा दिवा लागायचा, कारण मागच्या खिडकीचा जाड पडदा त्या कधी सरकवतच नसत. पलीकडे शेजाऱ्यांची बिनगिलाव्याची भिंत, फुटक्या फरश्यांचा ढीग आणि एक गंजलेली टाकी. बघणार काय?

काका बेकरीतून निवृत्त झाले आणि घरात बसून कंटाळले. एका सकाळी त्यांनी तो सगळा राडारोडा उपसायला घेतला. जागा मोकळी झाल्यावर म्हणाले, "इथे वांगी लावतो."

"बैठकीतून दिसणार ते," काकू म्हणाल्या. "आतलं सगळं निळं आहे. बाहेरचंही त्याला शोभायला हवं."

"वांगं जांभळंच असतं की. तुझ्या निळ्याच्या नात्यातलं."

काकूंना हसू आलं, पण हट्ट सुटला नाही. सोफ्याच्या कापडाचा तुकडा पिशवीत घालून त्या रोपवाटिकेत गेल्या. रोपवाल्याने तो उन्हात धरून पाहिला आणि निळ्या फुलांचा म्हणून एक वेल दिला. मग काकू सोफ्यावर बसून खिडकीतून सांगत आणि काका बाहेर कुदळ घेऊन ऐकत.

"जरा डावीकडे. अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

वेल भिंतीशी, त्याच्यापुढे करड्या पानांची झुडपं आणि खिडकीच्या अगदी खाली काकांची वांगी.

वेलाने बघता बघता भिंत झाकली. कळ्या आल्या, उमलल्या. फुलं निघाली भडक नारिंगी.

काकूंचा चेहरा पडला. संध्याकाळी त्या कात्री घेऊन निघाल्या, तेव्हा काका दारात उभे राहिले.

"रोपवाल्याशी भांडायचं तर भांड. पण वेलाने एवढा जीव धरलाय, कापू नकोस. वेलाला खोळ चढवता येत नाही, अगं. सोफ्याला येते."

पुढच्या आठवड्यात काकूंनी मातकट रंगाचं कापड मशीनवर घेतलं आणि उशांना बारीक नारिंगी किनार लावली. निळी खोळ उतरवताना त्यांना वाईट वाटलं. ती त्यांच्या ऐन उमेदीतली शिलाई होती. पण नवी चढवल्यावर खोली थेट वेलापर्यंत लांबल्यासारखी वाटू लागली.

हल्ली गिऱ्हाइकाकडे गेल्यावर टेप काढण्याआधी काकू खिडकीशी उभ्या राहून बाहेर काय आहे ते निवांत बघतात. एका बाईंना तर त्यांनी सांगूनच टाकलं, "इथे पडदा नको, कुंड्या ठेवा."

काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "अशाने धंदा बसेल तुझा."

"बसू दे थोडा," काकू म्हणाल्या. "माझेही गुडघे दुखतात आता."