बंद खोलीतला पंखा

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बरं? दुकानदारावर, मीटरवर, की स्वतःच्या डोळ्यांवर?

माझं पंख्यांचं दुकान उल्हासनगरात. शाळा नववीत सुटली, वायंडिंग पंख्यांनीच शिकवलं. गिऱ्हाईकाला माझा एकच शब्द असतो: जुना पंखा पंच्याहत्तर वॅट खातो, हा नवा तिसाच्या आसपास. बिल उतरलं नाही तर पंखा परत, पैसे परत! अजून एकही परत आला नाही. किस्से मात्र येतात, आणि येऊन साठतात.

कात्रपच्या जोशीकाकूंचा फोन. "शेठ, पंखा रोज दुपारी अडीचला आपोआप थांबतो. ह्यांच्या फोटोला हार घातल्यापासून!"

गेलो. अडीच वाजले आणि खरंच थांबला. अंगावर काटा आला हो! मग खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या बिल्डिंगमध्ये साळवीसाहेब हातात रिमोट घेऊन उभे. मॉडेल तेच, विकणाराही मीच!

म्हटलं, "काकू, भूतबित काही नाही. साळवी झोपताना एसी लावतात आणि स्वतःचा पंखा रिमोटने बंद करतात, तुमचाही होतो."

काकू म्हणाल्या, "मग तीनला चालू कोण करतं? साळवी तर चारला उठतात!"

मांजर्लीत पुराचं पाणी पात्यांपर्यंत चढलं होतं. भोईरांचा पंखा माझ्याकडे आला. धुतला, वाळवला, दुकानात बाकीच्या पंख्यांच्या रांगेत टांगला. वायर जोडलेली नाही, तरी हळूहळू फिरायला लागला.

शेजारचे सिंधी कापडवाले बघत उभे राहिले. मी ऐटीत म्हटलं, "बेअरिंग बढिया है साईं, जरासी हवा से घूमता है."

ते वर बघत म्हणाले, "हवा से घूमता है, तो बाकी के बारह क्यों खड़े हैं?"

अंबरनाथचे एक रिटायर्ड मास्तर. तक्रार काय, तर दुपारी आडवं झालं की पंख्यातून कुणीतरी पुटपुटतं. जुना रेग्युलेटर गुणगुणतो, त्यात काय! नवा बसवला, आवाज बंद.

आठ दिवसांनी त्यांची बायको दुकानात. "शेठ, जुनाच लावून द्या."

"का हो? आवाज तर गेला ना?"

"आवाज गेला, पण हे अजून बोलतातच. आता उत्तर येत नाही म्हणून माझ्यावर चिडतात!"

आणि बुवापाड्यातल्या सुमनताई. नवरा, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, कारखान्यातून रिटायर झालेला, छाती खराब, डोक्यावर पत्रा. एसीची ऐपत नाही, आणि पंखा थांबला की दादांचा जीव कासावीस. ताईंना एवढंच हवं होतं, की पंखा दिवसरात्र चालावा आणि बिल पेन्शनीत बसावं. मी नवा पंखा लावला, पत्र्यावर सावलीसाठी हिरवी जाळी टाकायला सांगितली. ताई रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहायच्या. पहिल्याच महिन्यात युनिट उतरले!

दादा खाटेवरून म्हणाले, "शेठ, मी गेलो तरी हिला पंखा बंद करू देऊ नका हां. गुदमरेन मी!" आम्ही तिघंही हसलो.

दादा उन्हाळा काढून गेले. ताईंनी पंखा ओल्या फडक्याने पुसला, मेन स्विच पाडला, वहीत शेवटचा आकडा लिहिला आणि कुलूप लावून बदलापूरला लेकीकडे गेल्या. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "खोली भाड्याने द्यायचीय. पंखा उतरवून घ्या."

कुलूप माझ्यासमोरच उघडलं. मेन स्विच खालीच. मीटरचा आकडा वहीतल्या आकड्याला तंतोतंत जुळला. स्टुलावर चढलो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट ऐका. बंद पंख्यावर धूळ बसते ती पात्याच्या पाठीवर, सायीसारखी सपाट. चालत्या पंख्याला ती पुढच्या कडेला धरते, काळी पट्टी होऊन.

मी तिन्ही पात्यांच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. पाठीवर हात फिरवला, तर साफ.

खाली ताई वही उघडून उभ्या होत्या. "काय झालं, शेठ?"

मी बोट दाखवलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग दादांच्या खाटेकडे. म्हणाल्या, "राहू दे. नका उतरवू."

खोली भाड्याने गेली नाही. पंखा तिथेच आहे.

तुम्हीही पंखा न्या, बिनधास्त न्या. फक्त युनिट रोज लिहा आणि खरे लिहा. शून्य आलं तर शून्यच लिहायचं, माझी भीड धरायची नाही.