हार्लनला थडगं नको होतं

नीवा स्ट्राउडच्या संसारात भांडणाचा विषय एकच होता: प्रभू येशू परत येऊन आपल्या माणसांना वर स्वर्गात नेणार ते नेमकं केव्हा? नवरा हार्लन म्हणे, जगावर सात वर्षांचं महासंकट कोसळण्याआधीच. नीवा म्हणे, आधी सगळं सोसायचं, प्रभू येईल तो शेवटी. अमेरिकेत आर्कान्सातल्या त्या डोंगराळ गावात लोक या मुद्द्यावरून हमरीतुमरीवर येत, चर्चही सोडून जात. स्ट्राउडांकडे मात्र दोन्ही पक्ष एकाच ताटावर बसत.

बाई खमकी. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात गेलेली, तोंडाला फटकळ. दर उन्हाळ्यात घेवडा, टोमॅटो, पीच बरण्यांत भरून ती तळघर ठासून ठेवी.

"महासंकटात काय खाणार, रेडिओवरची प्रवचनं?" ती नवऱ्याला विचारी.

"तेव्हा मी नसेनच इथे," असं म्हणत हार्लन खुशाल पीचची बरणी उघडी.

त्या वसंतात डॉक्टरांनी सांगितलं की हार्लनचं हृदय पार थकलंय. चर्चमागच्या दफनभूमीत नीवाच्या आईवडिलांच्या ओळीत दोनच जागा उरल्या होत्या आणि त्यांवर दुसऱ्या एका घराचा डोळा होता. मेल्यावरही हार्लनजवळच असावं, एवढंच नीवाला हवं होतं. हार्लन ऐकेना. थडग्याची जागा धरायची म्हणजे देवाच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं त्याचं म्हणणं. तो मरणारच नव्हता ना! जिवंतपणीच वर जाणार होता.

दफनभूमीची व्यवस्था ऑर्व्हल टीगकडे होती. प्रभू महासंकटाच्या बरोबर मध्यावर येणार असं मानणारा गावातला हा एकटाच, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खाई. तो म्हणाला, "नीवा, थडगी सजवायच्या रविवारपर्यंत थांबतो. पुढे मात्र माझा इलाज नाही."

मे महिन्यातल्या त्या रविवारी सगळं गाव नेहमीप्रमाणे दफनभूमीत लोटलं. गवत काढलं, थडग्यांवर फुलं वाहिली आणि झाडांखाली जेवणं मांडली. हार्लन खुर्चीत बसून कोंबडीची तंगडी चघळत होता. नीवा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग जिवंत. बायबलात पौलानं लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय. मग?"

"मग माझा बाप तुझ्या आधी वर जाणार. तू बस खाली ताटकळत!"

शेजारी जेवणाऱ्या ऑर्व्हलला ठसका लागला. हार्लनला हसू आलं नाही. सासऱ्यानं त्याला मरेपर्यंत 'तो गिरणीतला पोरगा' याखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

"म्हातारा तिथेही माझ्या पुढे?" तो पुटपुटला. मग त्यानं ताट खाली ठेवलं. "नीवा, खरं सांगू? जागा धरली की मी मरणार हे पक्कं होतं गं. मला भीती वाटते."

नीवाची उभ्या जन्मातली वादावादी तिथेच संपली. ती गवतात त्याच्या पायांशी बसली.

"मलाही वाटते. पण इथे एकटीनं झोपायची त्याहून जास्त वाटते. तुझं खरं ठरलं तर जागा रिकामी राहील, मी आनंदानं हरेन. माझं खरं ठरलं तर तू माझ्याजवळ तरी असशील."

हार्लननं सासऱ्याच्या थडग्याकडे पाहिलं.

"ऑर्व्हल, दोन्ही जागा आमच्या नावानं लाव," तो म्हणाला. "पण मी म्हाताऱ्याच्या शेजारी झोपणार नाही. मधे तू झोप, नीवा."

"झोपेन की," नीवा डोळे पुसत म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुमच्या दोघांच्या मधेच तर आहे मी."